डोकेदुखी आणि कमी सीडी-फोर: क्रिप्टोच्या पेशंटच्या घरच्यांसाठी

दादाचं डोकं दुखायला लागलं ते गौरी-गणपतीत, आणि आम्ही त्याला दवाखान्यात भरती केलं तेव्हा घट बसले होते. मधल्या साडेतीन आठवड्यांत आम्ही त्याला पित्ताच्या गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर बदलून आणला, कानात कोमट तेल घातलं. तो सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. ऐकायला कमी येतंय म्हणाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, एवढी वर्षं मागाच्या खडखडाटात काढली, त्याचंच हे. डोक्याला उपरणं घट्ट आवळून तो भिंतीला टेकून बसायचा. आडवं झालं की जास्त दुखतं, म्हणायचा. ही गोष्ट त्यानं आम्हाला निदान दहा वेळा सांगितली असेल. तिचा अर्थ आमच्यापैकी एकालाही कळला नाही.

ही २०१६ ची गोष्ट. दादाला एचआयव्ही होता, २०११ पासून तो एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर होता. तब्येत सुधारली, मागावरच्या पाळ्या वाढल्या, आणि त्यानं गोळ्या सोडल्या त्याला चौदा महिने झाले होते. हे फक्त वहिनीला माहीत होतं. भरती केल्यावर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, निघाला ३८.

गेली आठ वर्षं मी एआरटी केंद्रावर येणाऱ्या लोकांच्या घरी जाते, त्यांच्या नातेवाइकांशी बोलते. मी डॉक्टर नाही. खाली औषधांचे डोस लिहिलेत ते तुम्हाला वॉर्डात नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून. घरी कुणी स्वतःच्या मनानं द्यावेत म्हणून नाही. पण रात्री दोन वाजता पेशंटशेजारी तुम्हीच असता. तेव्हा काय बघायचं, काय विचारायचं, कशाला नाही म्हणायचं नाही, हे कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं.

हा आजार नेमका काय आहे

नाव लांबलचक आहे, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. वॉर्डात सगळे 'क्रिप्टो' म्हणतात. क्रिप्टोकॉकस ही एक बुरशी आहे, यीस्टच्या जातीची. ती मातीत असते, कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते. तिचे कण श्वासातून फुफ्फुसात जातात, तुमच्या-माझ्याही जातात, आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांना तिथेच दाबून टाकते. सीडी-फोर खाली गेला, विशेषतः १०० च्या खाली, की ही बुरशी रक्तात उतरते आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते.

एका माणसाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नका, पोरांना लांब ठेवू नका. माझी आत्या दादाच्या खोलीत तोंडाला पदर लावून जायची. त्याला ते दिसायचं.

२०२० साली जगभरात एचआयव्ही असलेल्या सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना हा मेनिंजायटिस झाला आणि त्यातले सुमारे १ लाख १२ हजार दगावले, असा अंदाज आहे. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. वेळेत पकडला तर हा आजार बरा होतो, दादा झाला. पण त्याला पकडायला लागणारी तपासणी आपण मागत नाही.

डोकं दुखायच्या आधीच मागायची तपासणी

तुमच्या माणसाचं एचआयव्हीचं निदान नुकतंच झालं असेल, किंवा तो गोळ्या सोडून परत केंद्रावर आला असेल, किंवा गोळ्या चालू असूनही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढलेला असेल, तर पहिला प्रश्न विचारा, "सीडी-फोर किती आहे?" आकडा २०० च्या खाली आला की दुसरा प्रश्न, "क्रिप्टो अँटिजेनची तपासणी झाली का?"

रक्ताचा थेंब आणि एक पट्टी, एवढीच ही तपासणी आहे. गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी असते तशीच दिसते. दहा मिनिटांत कळतं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. हिची किंमत मोठी, कारण डोकं दुखायला लागण्याच्या कितीतरी दिवस, कधी कधी महिने आधी ही पट्टी रक्तातली बुरशी दाखवते. त्याच टप्प्यावर सापडलं तर डॉक्टर पाठीतलं पाणी तपासून मेंदूपर्यंत गेलंय का बघतात, आणि गेलं नसेल तर फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांवर पुढचा सगळा फेरा टळू शकतो.

"पण मला काही त्रासच नाही, मग पाठीतलं पाणी कशाला?" असं पेशंट हमखास म्हणतो. पट्टी आणि सीडी-फोरचा कागद पुन्हा त्याच्यासमोर ठेवा आणि शांतपणे सांगा, त्रास सुरू व्हायच्या आधी पकडलंय, हे नशीब समज.

घरी काय बघायचं

मी घरच्यांना चार आण्याची वही करायला सांगते. शाळेची जुनी अर्धी वही चालते. रोज सकाळ-संध्याकाळ दोन ओळी लिहायच्या, डोकं किती दुखतंय, उलटी किती वेळा, ताप किती.

क्रिप्टोची डोकेदुखी एकदम कपाळमोक्ष झाल्यासारखी येत नाही. ती हळूहळू चढते, एक आठवडा, दोन आठवडे, चार आठवडे. गोळी घेतली की तासभर बरं, परत सुरू. आडवं झाल्यावर किंवा पहाटे जास्त. मळमळ न होता एकदम जोरात उलटी होते. उजेड सहन होत नाही. एकाचे दोन दिसतात, किंवा धुरकट दिसतं. ऐकू कमी येतं. आणि मग स्वभाव बदलतो. हे शेवटचं घरच्यांनाच कळतं, डॉक्टरांना नाही. दादा आयुष्यात कधी वहिनीवर ओरडला नव्हता, तो भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट ढकलायला लागला. एक दिवस पायात दोन वेगळ्या चपला घालून मागावर गेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी लागलंय, उतारा टाका. आम्ही टाकलाही. अमावास्येची वाट बघण्यात चार दिवस गेले.

दोन गोष्टींनी माणसं फसतात. एक म्हणजे ताप. तो बारीक असतो, किंवा नसतोच. दुसरी मान. मेनिंजायटिसमध्ये मान ताठ होते असं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मान वळतेय ना, मग काळजी नाही, असं म्हणतात. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये क्रिप्टो असूनही मान अगदी मऊ असू शकते. मानेवर विसंबू नका.

सीडी-फोर २०० च्या खाली, किंवा गोळ्या सोडलेल्या, आणि डोकेदुखी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त, एवढं जमलं की त्याच दिवशी दवाखाना. झटका आला, माणूस गुंगीत गेला, ओळखेनासा झाला, तर १०८ ला फोन करा, रिक्षाची वाट बघू नका.

निघताना आणि कॅज्युअल्टीत

एआरटीचं हिरवं पुस्तक घ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू आणि बंद, एका पिशवीत भरा. टीबीची औषधं चालू असतील तर ती आवर्जून. जुने रिपोर्ट, आणि ती वही.

आणि खरं सांगा. सगळ्यात अवघड हेच आहे, मला माहीत आहे. कॅज्युअल्टीत पडद्याच्या पलीकडे गावातलं कुणी असेल अशी भीती असते. पण एचआयव्ही आहे आणि गोळ्या चौदा महिने बंद आहेत, हे डॉक्टरला कळलं नाही तर तो मायग्रेन समजून घरी पाठवेल. दादाच्या बाबतीत दोन ठिकाणी नेमकं हेच झालं, आणि त्यात दोष डॉक्टरांचा नव्हता, आम्ही सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना म्हणा, "जरा बाजूला बोलायचंय." कागदावर लिहून दिलं तरी चालतं. एचआयव्हीबाबतची माहिती गुप्त ठेवणं आणि त्यावरून उपचार न नाकारणं हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बंधनकारक आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणी अंगाला हात लावायला टाळाटाळ केली तर या कायद्याचं नाव घ्या, आवाज न चढवता.

एक वाक्य पाठ करून ठेवा, "सीडी-फोर एवढा आहे, डोकं इतक्या दिवसांपासून दुखतंय, क्रिप्टोची तपासणी होईल का?" आपल्याकडे अशा पेशंटला टीबीचा मेनिंजायटिस असण्याची शक्यताही मोठी असते. दोन्हीची लक्षणं सारखी, आणि कधी कधी दोन्ही एकाच माणसाला असतात. म्हणून एकीकडे टीबीची औषधं सुरू झाली तरी क्रिप्टोचं काय, हे विचारायचं सोडू नका. पाठीतल्या एकाच पाण्यातून दोन्ही तपासता येतं.

पाठीतलं पाणी

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण दादाचे दोन दिवस इथेच गेले आणि ते माझ्यामुळे गेले.

डॉक्टरांनी सही मागितली. लंबर पंक्चर, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायचं. आत्या म्हणाली, "पाठीत सुई घातली की माणूस कमरेतनं जातो." वहिनी रडायला लागली. फॉर्म माझ्या हातात होता, घरातली शिकलेली मी. मी म्हणाले, "औषधांनी बघा आधी, नाहीच जमलं तर मग सुई." नकाराच्या रकान्यात माझी सही आहे. दादाचा उजवा कान कायमचा गेला. आधीच गेला होता की त्या दोन दिवसांत गेला, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. मी मात्र ते दोन दिवस धरून बसले आहे.

आता समजून घ्या. पाठीचा मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधे. तिथे फक्त सुटे, केसांच्या वेणीसारखे मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. माणूस कमरेतून जाईल अशी जी भीती आहे, तिला इथे फारशी जागा नाही. कमरेतून गेलेले जे लोक आपण ऐकतो, ते बहुतेक आजारानं गेलेले असतात, आणि सुई त्याच आजारासाठी घातलेली असते.

पण पाणी काढायचं कशाला? तपासणीसाठी हे झालं एक. दुसरं कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. क्रिप्टोमध्ये पाणी काढणं हाही उपचारच आहे.

मेंदूभोवती एक स्वच्छ पाणी सतत पाझरत असतं, दिवसाला सुमारे अर्धा लिटर, आणि तेवढंच परत रक्तात जिरत असतं. पुढे एका निवासी डॉक्टरनं मला सूक्ष्मदर्शकातून दादाचं पाणी दाखवलं. इंडिया इंक म्हणजे काळी शाई टाकलेली, सगळं काळंभोर, आणि त्यात पांढरी गोल वलयं, प्रत्येकाच्या मध्ये एक ठिपका. मला पहिल्यांदा सब्जा आठवला. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की भोवती कसा पारदर्शक, बुळबुळीत गोळा धरतं, अगदी तसं. या बुरशीला तसंच साखरेच्या जातीचं बुळबुळीत वेष्टण असतं. भिजलेला सब्जा मोरीच्या जाळीत ओतला तर पाणी तुंबेल की नाही? मेंदूतलं पाणी जिथून जिरतं त्या बारीक जागा असंच तुंबतात. पाणी तयार होत राहतं, जायला वाट नाही. दाब वाढतो. डोकं, डोळे, कान सगळं त्या दाबाखाली. म्हणून आडवं झालं की जास्त दुखतं.

पेशंटला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, थंडीत पोर मुटकुळं करून झोपतं तसं. जागा बधिर करतात. तेव्हा तुम्ही पुढून त्याचे गुडघे आणि मान धरायला मदत करू शकता, सिस्टर सांगतात. हलायचं नाही एवढंच. सुई गेली की दाब मोजायला सांगा. हे विसरू नका. मोजायची खास नळी कित्येक ठिकाणी नसते. आमच्या वॉर्डात सलाईनची नळी सुईला जोडून उभी धरली आणि पोरांच्या कंपासपेटीतल्यासारख्या साध्या पट्टीनं मोजलं. पाणी चढतच गेलं. ४२ सेंटीमीटर. २५ च्या वर गेला की तो दाब जास्त धरतात, आणि पाणी काढून २० च्या खाली, किंवा खूपच जास्त असेल तर निम्म्यावर आणतात. एका वेळी साधारण २० ते ३० मिलिलिटर काढतात.

दादाचं पंचवीसेक मिलिलिटर निघालं. सुई काढून चिकटपट्टी लावली. मी पायाशी उभी होते. पाचएक मिनिटांनी त्यानं डोळे उघडले, दिव्याकडे बघितलं, न मिटता बघितलं, आणि म्हणाला, "चहा मिळंल का गं?" तीन आठवड्यांत त्यानं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत दुखायला लागलं. तेव्हा घाबरू नका आणि "काल तर काढलं होतं" म्हणून अडवू नका. दाब परत चढतो, परत काढावं लागतं, कधी रोज, दाब आटोक्यात येईपर्यंत. दादाचं सहा वेळा काढलं. उलट डोकं परत दुखत असेल, उलटी होत असेल आणि दुसऱ्यांदा पाणी काढायचं नाव कुणी घेत नसेल, तर तुम्हीच जाऊन विचारा, "दाब परत बघता का?"

पेशंट गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, तर आधी डोक्याचा सीटी स्कॅन करतात. ते बरोबर आहे, करू द्या.

दाब कमी करायला मॅनिटॉलची बाटली किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं लावलेली दिसली तर कारण विचारा. क्रिप्टोच्या दाबावर मॅनिटॉलचा उपयोग सिद्ध झालेला नाही. स्टेरॉइडवर आशिया आणि आफ्रिकेत मोठी चाचणी झाली. ती अपाय दिसल्यानं मध्येच थांबवली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये मात्र स्टेरॉइड देतात. म्हणून भांडायचं नाही, विचारायचं, "हे टीबीसाठी आहे की क्रिप्टोसाठी?"

वॉर्डातले दोन आठवडे

मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन बी. वॉर्डात 'अँफो' म्हणतात. जुन्या प्रकारच्या अँफोची पिवळी बाटली चार-सहा तास चालते, दोन आठवडे रोज. ती ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात. साध्या सलाईनमध्ये मिसळली तर औषध फाटतं, म्हणून एकाच नळीतून दोन्ही एकदम चालू दिसलं तर सिस्टरना दाखवा. नवीन प्रकार लायपोसोमल. तो महाग, पण मूत्रपिंडाला बराच सोसतो.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी पद्धत सांगितली. लायपोसोमल अँफोचा एकच मोठा डोस, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. आफ्रिकेतल्या पाच देशांत हे तपासलं गेलं, आणि हा एक डोस आधीच्या सात दिवसांच्या अँफोइतकाच चालला, त्रासही कमी झाला. पन्नास किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या दहा कुप्या. फ्लुसायटोसिन दर सहा तासांनी द्यावं लागतं, रात्री बाराची आणि पहाटे सहाची गोळीही चुकवायची नाही. हे काम नातेवाइकाचं, मोबाइलला गजर लावा. फ्लुसायटोसिन सगळीकडे मिळत नाही. नसेल तर डॉक्टर अँफो आणि फ्लुकोनाझोल जोडून देतात. औषध बाहेरून आणायला सांगितलं आणि परवडत नसेल, तर चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जा. सरकारी दवाखान्यात हे पद असतं, त्यांचं कामच हे आहे. आम्हाला नवव्या दिवशी कळलं, तोवर वहिनीचे डोरले गहाण पडले होते.

जुन्या अँफोनं थंडी वाजते, दात वाजेपर्यंत. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं दादा गेला. आधी पॅरासिटामोल दिलं तर त्रास कमी होतो, सिस्टरना आठवण करा. हाताची शीर लाल, दोरीसारखी कडक झाली तर सुईची जागा बदलायला सांगा.

खरी काळजी मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची. अँफोच्या आधी सलाईन आणि पोटॅशियम देतात ते म्हणूनच, "आधीच एवढी सलाईन कशाला" म्हणून बंद करायला लावू नका. लघवी मोजायची. पाण्याच्या बाटलीवर स्केचपेननं खुणा करा, दर वेळी किती झाली ते वहीत लिहा, चोवीस तासांची बेरीज सकाळच्या राउंडला सांगा. माझ्या वहीतली ती बेरीज बघून एकदा डॉक्टरांनी तिथल्या तिथे रक्त पाठवलं, मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन दुपटीवर गेलेलं निघालं. एरवी दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं जातंय का बघा, आणि आठवड्याला हिमोग्लोबिन. फ्लुसायटोसिन असेल तर पांढऱ्या पेशीही. पोटॅशियमचं सिरप खारट-कडू लागतं, पेलाभर पाण्यात मिसळून द्या. शहाळ्याचं पाणी स्वतःहून देऊ नका, त्यातही पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंड बिघडलं असेल तर ते उलटतं. विचारून द्या.

एआरटी का थांबवली?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. गोळ्या सोडल्यानं हे झालं, मग आता तरी लगेच सुरू करा ना! नव्यानं सुरू करायची असेल तर डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबतात. कारण बुरशी मेंदूत भरलेली असताना प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर ती तिथेच लढाई मांडते आणि सूज वाढते. घाईनं सुरू केलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त झाल्याचं २०१४ च्या एका चाचणीत दिसलं. मात्र ज्याच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यानं मनानं बंद करायच्या नाहीत. आणि चार ते सहा आठवडे म्हणजे चार ते सहाच. तारीख हिरव्या पुस्तकात लिहून घ्या आणि त्या तारखेला केंद्रावर उभे राहा. इथे पेशंट हरवतात. घरी जाऊन बरं वाटतं, आणि तारीख निघून जाते.

घरी आल्यावर

अँफो संपलं की फ्लुकोनाझोल, ८०० मिलिग्रॅम रोज, आठ आठवडे. त्यानंतर २०० मिलिग्रॅम, वर्षभर तरी, आणि एआरटीनं व्हायरल लोड दबून सीडी-फोर पुरेसा वर येईपर्यंत, म्हणजे सहसा २०० च्या पुढे. कधी थांबवायचं ते केंद्रावरचे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

मेडिकलवरून आठवलं. फ्लुकोनाझोलची १५० ची गोळी सगळीकडे मिळते, नायट्याला देतात ती. २०० ची मागितली तर "हीच आहे, एकच औषध" म्हणून १५० हातात ठेवतात. पाकिटावरचा आकडा वाचा. ८०० म्हणजे ४०० च्या दोन किंवा २०० च्या चार. मी घरी गेले की आधी पाकीट बघते, आणि अजूनही दर थोड्या दिवसांनी १५० सापडतात.

टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन फ्लुकोनाझोलचा असर कमी करतं, आणि फिटच्या गोळ्यांशीही त्याची गाठ पडते. म्हणून ज्या ज्या डॉक्टरकडे जाल तिथे गोळ्यांची पिशवी पुढे ठेवा. बाई असेल आणि पाळी चुकली असेल तर लगेच सांगा, हे औषध गर्भाला अपाय करू शकतं. डोळे पिवळे दिसले तरी लगेच.

रक्तातली क्रिप्टोची पट्टी बरं झाल्यावरही कित्येक महिने दोन रेघा दाखवते. औषध लागू पडलं नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. बरं वाटतंय की नाही, ते पेशंटकडे बघून ठरवा.

पण डोकं परत दुखायला लागलं तर मात्र थांबू नका. एआरटी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत दादाचं परत तसंच सुरू झालं. तो म्हणाला, उन्हात गेलो होतो. वहिनीनं ऐकलं नाही, त्याच दुपारी रिक्षा आणली. पाणी परत काढलं, बुरशी उगवली नाही, प्रतिकारशक्ती जागी होताना येणारी सूज होती. गोळ्या सोडल्यानं बुरशीच परत येते असंही होतं. घरी बसून दोन्हींतला फरक कळत नाही, कुणालाच.

कबुतरांबद्दल लोक फार विचारतात. दादरच्या कबुतरखान्याचा वाद पेटल्यापासून तर जास्तच. ही बुरशी मातीत सगळीकडे आहे, कबुतरं हाकलून ती जात नाही. तरी सीडी-फोर कमी असलेल्या माणसानं गॅलरीतली वाळलेली विष्ठा झाडायची नाही. दुसऱ्या कुणीतरी तोंडाला फडकं बांधून, आधी पाणी शिंपडून ओली करावी आणि मग पुसावी. कोरडी झाडली की धूळ उडते, ती श्वासात जाते.

कान आणि डोळे महिन्याभरानं तपासून घ्या. ऐकू येणं गेलं असेल तर कान-नाक-घसा विभागातून तपासणी करून दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. दादा आता मागावर जात नाही, एका टपरीवर हिशेब सांभाळतो. सुरुवातीला बेरजा चुकायच्या, रात्री वहिनी त्याच्याशेजारी बसून परत करून घ्यायची. साधारण वर्षानं चुकायच्या थांबल्या. माणूस मंद झालाय असं म्हणून हिशेब काढून घेऊ नका. वेळ लागतो.

प्रत्येक घरात निघताना मी हिरव्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरच्या आत एक चिठ्ठी चिकटवते. तिच्यावर सीडी-फोर आणि त्याची तारीख, क्रिप्टो पट्टीचा निकाल, फ्लुकोनाझोल किती आणि कधीपर्यंत, केंद्राचा फोन, एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन १०९७, आणि खाली एक ओळ, "डोकं दुखत असेल तर पाठीतलं पाणी तपासा, आमची सही आहे." त्या ओळीखाली घरातल्या कुणाची तरी सही आधीच घेऊन ठेवते. वॉर्डात नवा फॉर्म येतोच, त्यावर सही परत करावी लागते. पण घरात बसून, शांत डोक्यानं, आत्या-मावश्यांसमोर एकदा केलेली असली की तिथे हात अडत नाही.